अंतराळातलं धुणं

परवा दुपारी जेवण झाल्यावर जरा आडवा व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात नातू मोबाईल घेऊन आला. "आजोबा, हे बघा, गंमत आहे." बघितलं. चित्रफीत तशी जुनी, २०१३ सालची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातला कॅनडाचा अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड एक छोटा टॉवेल पाण्यानं भिजवतो आणि आपण धुणं पिळतो तसा दोन्ही हातांनी पिळतो. बस्स, एवढंच. पण पाणी खाली पडतच नाही! टॉवेलाभोवती पाण्याची एक नळी तयार होते आणि ती हळूहळू त्याच्या हातांवर पसरते, जेलीसारखी. मग तो हात सोडतो, तर तो पिळा तसाच हवेत तरंगत राहतो.

नातू हसत होता. मलाही हसू आलं. पण पुढं कळलं की हा प्रयोग कोणा मोठ्या शास्त्रज्ञानं सुचवलेला नव्हता. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या दहावीच्या दोन मुलींनी तो सुचवला होता. अंतराळात ओलं फडकं पिळलं तर काय होईल, असा त्यांचा साधा प्रश्न. तो निवडला गेला आणि पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर त्याचं उत्तर दिलं गेलं. हे ऐकल्यावर मात्र माझी झोप उडाली, कारण मला आठवली आमच्या शाळेतली एक मुलगी.

एप्रिल १९८४. राकेश शर्मा ३ एप्रिलला सोयूझ टी-११ मधून अंतराळात गेले आणि देशभर नुसता आनंदीआनंद झाला. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती, पण असा दिवस काय रोज येतो? मी वर्तमानपत्र घेऊनच नववीच्या वर्गात गेलो, सगळी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हटलं, "मुलांनो, हा इतिहास आहे, तुमच्या डोळ्यांदेखत घडतोय. विचारा काय विचारायचं ते."

एकानं यानाचा वेग विचारला. एकानं 'तिथून आपलं गाव दिसतं का' असं विचारलं. मग मुलींच्या शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. ही मुलगी एरवी कधी बोलत नसे. उभी राहून म्हणाली, "सर, ते कपडे कुठं धुतात?"

आणि मी काय म्हणालो असेन? "तुला तिथंही धुणंच दिसलं का गं?"

सगळा वर्ग हसला. ती खाली बसली. त्यानंतर माझ्या तासाला तिनं कधी हात वर केला नाही.

यातली खरी बोचणारी गोष्ट पुढंच आहे. तिची आई आमच्याकडेच धुण्याभांड्याला होती. उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की चार घरच्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती नदीवर जायची, आणि ही पोरगी शाळा सुटली की पिळे उचलायला तिच्या मदतीला. त्या गाठोड्यात माझेही शर्ट असायचे, ज्यांना इस्त्री करून मी वर्गात ऐटीत इतिहास शिकवायचो. जिनं रोज डोळ्यांनी बघितलं होतं की माणूस कुठंही राहिला तरी कपडे मळतात आणि ते कोणाला तरी धुवावे लागतात, तिनंच तो प्रश्न विचारला होता. आणि मला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणण्यापेक्षा हसणं सोपं होतं, एवढंच.

तर पोरी, उशिरा का होईना, उत्तर ऐक. ते अगदी थोडक्यात सांगता येतं. कुठंच धूत नाहीत. १९८४ साली धूत नव्हते आणि आजही धूत नाहीत.

मंडळी, तुम्हालाही हे ऐकून मला वाटलं तसंच नवल वाटलं असेल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीला हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच नव्हता. ५ मे १९६१ ला अमेरिकेचा पहिला अंतराळवीर ॲलन शेपर्ड उडाला, ते उड्डाणच मुळी पंधरा मिनिटांचं. पंधरा मिनिटांसाठी लघवीची सोय कशाला करायची, असा हिशेब. पण उड्डाण लांबत गेलं, बिचारा काही तास त्या पोशाखात यानात पडून राहिला, आणि शेवटी त्याला परवानगी घेऊन पोशाखातच लघवी करावी लागली. एवढा मोठा अग्निबाण बांधणाऱ्यांना ही साधी गोष्ट सुचली नव्हती!

पुढं १९६५ च्या डिसेंबरात जेमिनी-७ मधून फ्रँक बोरमन आणि जिम लॉव्हेल चौदा दिवस राहून आले. जागा किती, तर लहान मोटारीच्या पुढच्या दोन सीटांएवढी. चौदा दिवस आंघोळ नाही, पाय मोकळे करायला जागा नाही. चंद्रावर जाऊन यायला लागणारा काळ माणसाला सोसतो की नाही हे त्यांना बघायचं होतं. सोसतो, असं सिद्ध झालं. नंतर चंद्रावर पाऊल पडलं, आणि ते मी पाठ्यपुस्तकातून वर्षानुवर्षं शिकवलं. हे चौदा दिवस मात्र पुस्तकात नव्हते.

मग आली स्कायलॅब. आमच्या पिढीला हे नाव सांगायला नको. १९७९ च्या जुलैत ती कोसळणार म्हणून काय घबराट उडाली होती! आमच्या गावात तर काही जण रात्री अंगणात झोपायला तयार नव्हते. अखेर ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण ही स्कायलॅब म्हणजे अमेरिकेचं पहिलं अंतराळातलं घर होतं. १९७३-७४ मध्ये तिघा-तिघांच्या तीन तुकड्या तिथं अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. तिथं न्हाणीघरसुद्धा होतं. न्हाणीघर म्हणजे जमिनीपासून वर ओढून छताला अडकवायचा कापडी पिंप. आत शिरायचं, पावणेतीन-तीन लिटर गरम पाण्याचा फवारा अंगावर घ्यायचा आणि मग अंगाला, भिंतीला चिकटलेलं पाणी नळीनं शोषून काढायचं. या सगळ्या खटाटोपाला अडीच तासांच्या आसपास लागायचे. आमच्याकडं दुष्काळातसुद्धा तांब्याभर पाण्यात आंघोळ पाच मिनिटांत आटोपायची!

आंघोळीची ही कथा, मग कपडे धुण्याचं तर नावच नको. तिन्ही तुकड्यांचे कपडे आधीच भरून ठेवलेले होते. घालायचे, मळले की इतर कचऱ्याबरोबर खालच्या एका मोठ्या रिकाम्या टाकीत टाकून द्यायचे. म्हणजे १९७९ साली आपण ज्या स्कायलॅबच्या भीतीनं आभाळाकडं बघत होतो, तिच्या पोटात नऊ जणांचं मळकं धुणंही होतं. हे तेव्हा कळलं असतं तर भीती थोडी तरी कमी झाली असती!

राकेश शर्मा गेले ते रशियनांच्या साल्यूत-७ या स्थानकावर. त्यांचा सगळा प्रवास जवळजवळ आठ दिवसांचा. म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेनं त्यांच्यासाठी सुजी हलवा, छोले, पुलाव असे पदार्थ करून दिले होते. आठवड्याला पुरतील एवढे कपडे नेता येतात, तेव्हा त्यांना धुण्याची गरजच नव्हती. पण ते पोचले तेव्हा तिथं तिघे रशियन आधीच मुक्कामाला होते आणि ते त्या वेळी जवळजवळ २३७ दिवस राहिले. त्यांचं काय? तर रशियनांनी १९७८ पासून प्रोग्रेस नावाची मालवाहू यानं सुरू केली होती. त्यातून खाणं, पाणी, इंधन, कपडे वर यायचे. माल उतरवला की त्याच यानात सगळा कचरा कोंबायचा आणि ते सोडून द्यायचं. परत येताना वातावरणात शिरलं की ते यान कचऱ्यासकट जळून खाक. आजही हीच पद्धत आहे. म्हणजे अंतराळवीरांचं धुणं आभाळात जळतं. रात्री गच्चीवरून एखादा तारा निखळताना दिसला, तर तो कोणाचा तरी बनियन असू शकतो. (आमच्या सौ.ला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी आजवर बनियनकडं मागणं मागत होते की काय!")

पण का बरं धूत नाहीत? पहिलं कारण, पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि वर न्यायच्या प्रत्येक किलोला अफाट खर्च. म्हणून तिथं पाण्याचा थेंब न् थेंब परत वापरतात. श्वासातली वाफ, अंगावरचा घाम, लघवी, सगळं यंत्रात शुद्ध होऊन पुन्हा पिण्याचं पाणी होतं. मे २००९ मध्ये तिथल्या अंतराळवीरांनी हे पाणी पहिल्यांदा प्यायलं, आणि २०२३ पर्यंत तर ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. अशा पाण्यात साबणाचा फेस आणि कपड्यांचा मळ मिसळला तर ते यंत्र तो निस्तरणार कसा? आणि दुसरं कारण त्या चित्रफितीत आहेच. पाणी खाली पडत नाही. आपलं सगळं धुणं, म्हणजे भिजवणं, खळबळणं, पिळणं, दोरीवर निथळत ठेवणं, हे पाणी खाली पडतं या एका गोष्टीवर उभं आहे. ती गोष्टच काढून घेतली तर नदीवरची बाईही हतबल आणि आपलं मशीनही.

मग करतात काय? कपडे पुरवून पुरवून वापरतात. तिथं धूळ नाही, ऊन नाही, हवा सतत एकसारखी, त्यामुळं शर्ट-पँट बरेच दिवस चालते. पण हाडं आणि स्नायू दुबळे होऊ नयेत म्हणून रोज दोनेक तास व्यायाम सक्तीचा. त्यात घाम येतो, तोही गळत नाही, अंगालाच चिकटून राहतो. व्यायामाचे कपडे तसेच वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचे. आणखी एक गोष्ट वाचून मी चकितच झालो. तिथं पावलांवर भार पडत नसल्यानं तळपायाची जाड कातडी हळूहळू सोलून निघते. म्हणून मोजे जपून काढावे लागतात, नाहीतर सगळा कोंडा हवेत!

एवढं सगळं करूनही नासाचा हिशेब असा की एका माणसाला वर्षाला सुमारे ६८ किलो कपडे लागतात. सात माणसं धरली तर पावणेपाचशे किलो, आणि ते सगळे जाळायचे. म्हणून उपाय शोधणं चालूच असतं. जपानच्या कोइची वाकाता यांनी २००९ मध्ये खास कापडाच्या अंतर्वस्त्रांची चाचणी घेतली, एकच जोड महिनाभर घालून! अमेरिकेचे डॉन पेटिट तर भलतेच उद्योगी. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, आपली कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती गेले, तेव्हा पेटिट वर स्थानकातच होते. न्यायला येणारी यानं थांबली आणि त्यांचा मुक्काम पाच महिन्यांवर गेला. त्या मुक्कामात या गृहस्थानं आपल्या जुन्या अंतर्वस्त्रांत बी रुजवून टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या बेझिलचे कोंब काढले. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हे.

आणि अगदी अलीकडची गोष्ट सुनीता विल्यम्स यांची. २०२४ च्या जूनमध्ये त्या आणि बुच विल्मोर आठेक दिवसांसाठी निघाले. उड्डाणाच्या थोडेच दिवस आधी स्थानकातला लघवी शुद्ध करण्याच्या यंत्राचा पंप बिघडला. नवा पंप तातडीनं न्यायला हवा. यानात तर जागा नाही. मग काय काढायचं? दोघांच्या कपड्यांच्या आणि प्रसाधनाच्या दोन बॅगा उतरवल्या आणि पंप चढवला. आठच दिवस तर आहेत, तिथले शिलकी कपडे घालतील! पुढं काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. यानात बिघाड निघाला आणि आठ दिवसांचे २८६ दिवस झाले. त्यांचे कपडे ऑगस्टमध्ये मालवाहू यानातून वर गेले. मार्च २०२५ मध्ये दोघं सुखरूप परतले. मी तेव्हा रोज बातम्या बघायचो, पण मला आठवत होती ती खाली राहिलेली बॅगच.

आता प्रश्न आहे मंगळाचा. तिकडं जायलाच सात-आठ महिने, आणि मागून कपडे घेऊन कोणी येणार नाही. म्हणून २०२१ मध्ये नासानं टाइड साबण बनवणाऱ्या कंपनीशी करार केला. यंत्राला सोसेल आणि पाणी पुन्हा पिण्याजोगं होईल असा साबण तयार करायचा. २०२२ मध्ये त्याच्या चाचण्या अंतराळ स्थानकावर झाल्या. म्हणजे बघा, मंगळावर जायचं तर जे थोडे प्रश्न सोडवल्यावाचून गत्यंतर नाही, त्यातला एक तोच आहे, जो १९८४ साली आमच्या वर्गात शेवटच्या बाकावरून विचारला गेला होता.

मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या. पानिपतावर लाख माणूस गेलं हे शिकवलं, पण त्या लाखांचे कपडे कोण धूत होतं हे ना पुस्तकात होतं, ना माझ्या मनात आलं. जे काम रोज करावं लागतं आणि केलं की दिसेनासं होतं, ते इतिहासात येत नाही. अंतराळानं मात्र हे उघडं पाडलं, कारण तिथं गृहीत धरायला कोणी नाही. जे करतं ते माणूस वर नसलं की प्रश्न आभाळाएवढा होतो. १९८३ साली अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड निघाली, तेव्हा तिच्या आठवडाभराच्या प्रवासाला मासिक पाळीच्या वस्तू शंभर पुरतील ना, असं तिथल्या इंजिनिअरांनी तिला विचारलं होतं. शिकलीसवरलेली, हुशार माणसं! पण घरातल्या बायकांना कधी विचारलेलंच नसेल, तर कळणार कुठून? मी त्यांना हसणार नाही. मी त्यांच्याच पंगतीतला.

तीन वर्षांपूर्वी आमची सौ. घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणावर होती. केस धुवायची फार पंचाईत. तेव्हा मुलीनं पाण्याविना लावायच्या शाम्पूची बाटली आणली. चोळायचा आणि टॉवेलानं पुसून काढायचा. आता वाचताना कळलं की अंतराळवीर असाच शाम्पू वापरतात, आणि तो मुळात इस्पितळात पडून असलेल्या रुग्णांसाठी केलेला होता. तेव्हापासून घरातलं धुणं माझ्याकडं आहे. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की पांढरे आणि रंगीत वेगळे घालायचे असतात. हसू नका!

मशीन आमच्याकडं पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली तेव्हा आलं. त्या मुलीची आई तोवर येत होती. "उद्यापासून नको येऊस" हे तिला सांगायचं काम मी सौ.वर ढकललं आणि त्या वेळी मुद्दाम बाहेर फिरायला गेलो. मुलगी त्याच्या कितीतरी आधी दहावी होऊन गावातून गेली होती. तिची आई एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "पोरगी बरी हाय सर, तुमची आठवण काढती." काय म्हणून आठवण काढत असेल, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जून-जुलैत, शुभांशू शुक्ला अठरा दिवस अंतराळ स्थानकात राहून आले. गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले होते. तिथून ते शाळेतल्या मुलांशी बोलले. मुलांनी विचारलं, झोपता कसे, खाता काय? त्यांनी प्रत्येकाला नीट उत्तर दिलं. कोणी कोणाला हसलं नाही. हे बघून बरं वाटलं.

तुमच्यापैकी कोणी शिक्षक असाल, तर एवढंच सांगेन. वर्गात एखादा प्रश्न ऐकून हसू आलं तर आधी स्वतःला विचारा, याचं उत्तर मला येतं का? मला येत नव्हतं. चाळीस वर्षं उलटून गेल्यावर आलं, आणि आता ते कोणाला द्यायचं तेच कळत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतोय.

असो. मशीननं मघाशीच शिट्टी दिली. कपडे वाळत घालायला हवेत, ऊन उतरायच्या आत.